कोरड्या जमिनीवर तपासलेली खोली

बांद्याला बंदर म्हटलं की आज ऐकणारा हसतो. मुंबई-गोवा महामार्गावरचं, गोव्याच्या हद्दीलगतचं हे बाजाराचं गाव. समुद्र दिसत नाही, वासही येत नाही. पण तेरेखोल नदीनं ते समुद्राला जोडलेलं आहे. आदिलशाहीत त्याचं नाव आदिलाबाद होतं. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतल्यानंतर काही वर्षांतच दुआर्ते बार्बोसानं या किनाऱ्याचं वर्णन लिहिलं, त्यात बांदा आहे: नदीकाठचं, मुसलमान आणि हिंदू दोघांच्या वस्तीचं, व्यापाराचं गाव.

बांद्याला जाणारे रेडे घुमट पाहतात आणि आदिलशाहीबद्दलचा अभिमान किंवा राग, जे सोबत नेलं होतं तेच घेऊन परततात. मला तिथं नेहमी तांडेल आठवतो. भरल्या गलबतानं नदीच्या मुखातून आत शिरताना खाली पाणी किती, हे त्याला कसं कळायचं? आणि कळलेलं खरं कशावरून?

साधन साधं होतं. दोरीच्या टोकाला शिशाचं वजन, गवंड्याच्या ओळंब्याचाच मोठा भाऊ. वजनाच्या बुडाला खळगा, त्यात चरबी भरलेली. वजन तळाला टेकलं की दोरीवरच्या खुणांवरून खोली समजे आणि चरबीला चिकटून आलेल्या वाळू-चिखलावरून जागा. हिरोडोटसनं अडीच हजार वर्षांपूर्वी लिहिलंय की इजिप्तचा किनारा एक दिवसाच्या अंतरावर असतानाच अकरा वाव खोलीवर नाईलचा गाळ हाती लागतो.

वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर होणारी लांबी. अरबीत तिला ‘बाअ’ म्हणतात. पोर्तुगीज ‘ब्रासा’ हा शब्दही बाहूवरूनच आलेला, आणि इंग्रजांच्या ‘फॅदम’च्या मुळाशीही पसरलेले हातच. एकमेकांची जहाजं बुडवणाऱ्या या सगळ्यांनी पाणी मात्र सारख्याच पद्धतीनं, स्वतःच्या अंगानं मोजलं.

अहमद इब्न माजिद या अरब नाखव्यानं १४९० च्या सुमारास नौकानयनावर मोठा ग्रंथ पूर्ण केला. वास्को द गामाला हिंदुस्थानची वाट त्यानं दाखवली, ही गोष्ट आपल्याकडे अजून सांगतात. अभ्यासकांनी ती केव्हाच बाजूला ठेवली आहे. खरं तर त्याला त्या गोष्टीची गरजच नाही. तारे, वारे, किनाऱ्याच्या खुणा यांचं जे ज्ञान त्यानं लिहून ठेवलं, तेवढं पुरेसं आहे. हिंदुस्थानचा किनारा जवळ आला की समुद्रसाप दिसू लागतात, हे अरबी खलाशांना पक्कं ठाऊक होतं.

आता दुसरा प्रश्न. दोरी खरं बोलते कशावरून? ती तपासायची जमिनीवरच, पण कोरडी नाही. नवा दोर भिजला की आखडतो, ताण बसला की लांबतो. म्हणून तो आधी भिजवायचा, ताणायचा, आणि ओला असतानाच त्यावर खुणा बांधायच्या. कोरड्या दोरीवर बांधलेली वाव पाण्यात वाव राहत नाही. उथळ पाण्यात या फरकावर गलबत रुततं.

आणि कधी उथळपणाच वाचवतो. १६७९ च्या खांदेरीच्या लढाईत इंग्रजांशी झुंजणाऱ्या मराठी आरमाराचा एक प्रमुख दौलतखान होता. मराठ्यांची हलकी गलबतं नागावच्या खाडीत शिरली, की इंग्रजांच्या मोठ्या जहाजांना पाठलाग सोडावा लागे. त्यांच्यापुरतं पाणीच तिथं नव्हतं. दौलतखानाचं नाव आपण ‘शिवाजी महाराजांच्या सैन्यात मुसलमानही होते’ एवढ्याच वाक्यापुरतं वापरतो. त्याच्या माणसांना कोणत्या भरतीला कुठं किती पाणी असतं हे माहीत होतं, हा भाग राहून जातो.

आज शिशाची जागा आवाजानं घेतली आहे. १९१३ मध्ये अलेक्झांडर बेम या जर्मन संशोधकानं प्रतिध्वनीवरून खोली मोजण्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं. होडीच्या बुडाला बसवलेला सेन्सर आवाजाचा ठोका सोडतो, तो तळावर आपटून परततो, आणि लागलेल्या वेळावरून यंत्र खोली काढतं. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १,५०० मीटर जातो, हवेत ३४० च्या आसपास.

पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात तेव्हा हे यंत्र तपासायची पाळी येते, आणि गंमत सुरू होते. हवेत ठोका बहुतेक विरून जातो. पडद्यावर नुसत्या रेघा किंवा भलताच आकडा. एक मीटरवरच्या भिंतीवरून तो परत आलाच, तर यंत्र सव्वाचार मीटरहून जास्त सांगेल, कारण आपण पाण्यात आहोत असंच ते धरून चालतं. ते बिघडलेलं नसतं. कोरड्या दोरीसारखं भलत्या जागी मोजत असतं. म्हणून जाणकार सेन्सरला कान लावून टकटक ऐकतात, किंवा तो पाण्याच्या बादलीत धरतात. त्यातून यंत्र जिवंत आहे एवढंच कळतं. बादली इतकी उथळ असते की आकडा मनावर घेऊ नये.

शिडाच्या बोटीला आणखी एक पेच असतो. तिचा कणा बुडाखाली बराच उतरलेला असतो आणि सेन्सर त्याच्या वर कुठंतरी. आकडा पृष्ठभागापासूनचा, सेन्सरपासूनचा की कण्याच्या टोकापासूनचा, हे ठरवून यंत्रात भरावं लागतं. ही अंतरं टेप लावून मोजायची ती बोट जमिनीवर असतानाच. पाण्यात गेल्यावर तिथं हात पोचत नाही. पृष्ठभागापासूनच्या हिशेबाला पाण्याची रेघही लागते, ती जुन्या शेवाळाच्या डागावरून सापडते.

मग बोट पाण्यात उतरते, धक्क्याला लागते. यंत्र सुरू करतात, आणि कुणीतरी काठावरून वजन बांधलेली, आधी भिजवलेली दोरी खाली सोडतो.