मोठेबाबांचा कप

दिवाळीला अकोल्यात जुन्या शहरातल्या घरी गेलो की आधी मोठेबाबांच्या खोलीत डोकवायचो. त्यांच्या हातात चहाचा कप नाचायचा. गल्लीतले म्हणायचे, "दारू पेते वाट्टे." पीत नव्हते हो. हंटिंग्टन होता.

तर मंडळी, जॉर्ज हंटिंग्टनने १८७२ मध्ये या आजाराचं वर्णन लिहिलं. जनुक सापडलं १९९३ मध्ये. त्यात सी-ए-जी ही तीन अक्षरं ओळीने ४० किंवा जास्त वेळा आली की आजार होतो. आपल्या भाषेत, लूप थांबतच नाही! मग प्रथिनातही ग्लुटामिनची लांबलचक माळ तयार होते.

पेशीत नको असलेली प्रथिनं तोडायला प्रोटिएझोम नावाचं यंत्र असतं. २००४ मध्ये हार्वर्डला, आल्फ्रेड गोल्डबर्ग यांच्या प्रयोगशाळेत, प्रसन्ना वेंकटरामन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की या यंत्राला ती माळ तोडता येत नाही, तशीच बाहेर टाकतं. मग तोडतं कोण? २००७ मध्ये याच प्रयोगशाळेतून उत्तर आलं: पेशीद्रवातलं एक पेप्टिडेझ, प्युरोमायसिन-सेन्सिटिव्ह अमिनोपेप्टिडेझ. टोकापासून एकेक मणी काढत जातं. (धाप लागली ना? पीएसए म्हणतात. प्रोस्टेटच्या टेस्टवालं वेगळं.) वेंकटरामन पुढे आपल्या खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये आल्या.

मोठेबाबा गेले. सख्ख्या भावाला जन्मतःच निम्मी शक्यता असते. बाबांनी टेस्ट केलेली नाही, म्हणून मीही नाही. परवा चहा देताना माझी नजर त्यांच्या हातावर गेली. त्यांनी कप खाली ठेवला.