काओर : सावकारांचं गाव, सैतानाचा पूल

बँकेत उभी नोकरी केलेल्या माणसाला, एका गावाचं नावच एकेकाळी युरोपभर 'सावकार' या अर्थाने वापरलं जायचं असं कळलं, तर त्याची उत्सुकता चाळवणारच. फ्रान्सच्या नैर्ऋत्य भागात, लो नदीच्या काठी, काओर नावाचं हे गाव आहे. वस्ती वीस हजारांच्या आसपास. मुलगा तुलूझला नोकरीला असल्यामुळे मला ते बघायला मिळालं. तुलूझहून आगगाडीने सव्वा-दीड तासाचा प्रवास.

नदी इथे घोड्याच्या नालेसारखी वळली आहे, त्यामुळे गावाच्या तिन्ही बाजूंना पाणी. तेराव्या शतकात इथले व्यापारी फार मोठे झाले. त्या काळी चर्चने व्याज घेणं पाप ठरवलं होतं. पण राजांना लढायांसाठी आणि व्यापाऱ्यांना मालासाठी पैसा लागायचाच. तो इटलीचे सराफ द्यायचे, तसे काओरचेही द्यायचे. कर्ज घेताना गोड, फेडताना कडू, हा अनुभव तेव्हाही तोच! इंग्लंडच्या तिसऱ्या हेन्रीने 1240 मध्ये या सावकारांना राज्याबाहेर काढलं. जर्मन भाषेत 'कावेर्शन' हा सावकारासाठीचा शब्द याच गावावरून आला. कवी दान्तेने तर आपल्या नरकवर्णनात व्याजखाऊंच्या पापासाठी काओरचं नाव थेट सोडोम या शापित शहराच्या जोडीला घातलं.

मला मात्र गावात हिंडताना वाटलं, की एवढ्या बदनाम पैशाने काय काय उभं राहिलं तेही बघायला हवं. सेंट एतिएनचं कॅथेड्रल 1119 मध्ये पोपच्या हस्ते पवित्र करण्यात आलं. त्याच्यावर उंच कळस नाही, दोन भलेमोठे घुमट आहेत. आत मान वर करून पाहिलं, तर एका घुमटात चौदाव्या शतकातली चित्रं दिसतात. कॅथेड्रलसमोर बुधवारी आणि शनिवारी सकाळी बाजार भरतो. मागे अरुंद बोळ आणि विटा-दगडांची जुनी घरं. इथल्याच एका धनिक घराण्यातला जाक द्युएझ 1316 मध्ये, सत्तरीच्या घरात असताना, पोप झाला. तोच बाविसावा जॉन. त्याने 1332 मध्ये आपल्या गावाला विद्यापीठ दिलं. त्याच्या नावाचा बुरूज अजून उभा आहे.

पण काओरला जायचं ते व्हालांत्रे पुलासाठी. पूल बांधायचं ठरलं 1306 मध्ये. पहिला दगड बसला 17 जून 1308 रोजी. सहा टोकदार कमानी आणि तीन उंच बुरूज, सगळं पुरं व्हायला सुमारे सत्तर वर्षं लागली. मध्ये प्लेगची साथ आली, इंग्रजांशी शंभर वर्षांचं युद्ध सुरू झालं, तरी काम सुटलं नाही. गावाला असे तीन तटबंदीचे पूल होते. बाकीचे दोन पाडले गेले, हा एकटा उरला. 1998 पासून तो जागतिक वारसा यादीत आहे.

काम इतकं रेंगाळलं की त्यावर दंतकथाच तयार झाली. मुख्य गवंड्याने म्हणे सैतानाशी करार केला : तू माझी प्रत्येक आज्ञा पाळ, काम संपलं की माझा आत्मा तुझा. काम संपत आलं तसा गवंडी घाबरला आणि त्याने सैतानाला चाळणीतून पाणी आणायला सांगितलं! सैतान हरला. पण त्या रागाने तो रोज रात्री मधल्या बुरुजाचा एक दगड काढून टाकू लागला. 1879 मध्ये पुलाची डागडुजी करणाऱ्या पॉल गू या वास्तुविशारदाने त्या कोपऱ्यावर दगडात कोरलेला एक छोटा सैतानच बसवून दिला. मान उंचावून शोधावा लागतो, पण दिसतो.

ज्यांनी 1306 मध्ये पुलाचा निर्णय घेतला, त्यांच्यापैकी कोणी पूर्ण झालेला पूल पाहिला असेल असं वाटत नाही. आपल्या सभेत सिंकिंग फंडाची वर्गणी वाढवायचा विषय निघाला, की माझ्याच वयाचे काही सभासद म्हणतात, "आम्ही आता किती दिवस? आम्हाला कशाला?" त्यांना मी हल्ली काओरची गोष्ट सांगतो. सैतानाचा दगड तर आपल्याकडेही आहेच. दर पावसाळ्यात गच्ची कुठेतरी गळतेच. 25 वर्षांपूर्वी ज्यांनी पदरचे पैसे घालून ही इमारत उभी केली, त्यांच्यापैकी कितीतरी जण आज आपल्यात नाहीत. त्यांच्या पैशातून बांधलेल्या जिन्याने आपण रोज चढतो-उतरतो. पुढच्यांसाठी आपणही थोडं घालू या.