नगरच्या मुलींच्या शाळा

फ्रान्स देशांत १८३३ सालीं गीझो या मंत्र्याच्या पुढाकारानें एक कायदा झाला. प्रत्येक कम्यूननें, म्हणजे प्रत्येक लहानमोठ्या गांवानें, एकट्यानें किंवा शेजारच्या गांवांशीं मिळून एक प्राथमिक शाळा चालविलीच पाहिजे, असा त्याचा आशय होता. हें बंधन मुलांच्या शाळेपुरतेंच होतें. मुलींसाठीं तशी तरतूद होण्यास १८५० साल उजाडावें लागलें. तीहि आठशें वा अधिक वस्तीच्या व ऐपत असलेल्या गांवांपुरतीच. सुधारलेल्या युरोपांत ही स्थिति असतां सीनेच्या कांठच्या अहमदनगरांत काय घडत होतें, हें पाहणें उद्बोधक आहे.

मलिक अहमदानें १४९० सालीं वसविलेलें हें शहर निजामशाही बुडाल्यावर वैभवास मुकलें. १८०३ मध्यें तेथील किल्ला इंग्रजांच्या हातीं गेला आणि १८३१ सालीं अमेरिकन मराठी मिशननें तेथें ठाणें दिलें. १८३९ मध्यें सिंथिया फरार ही बाई नगरास आली. न्यू हॅम्पशायर प्रांतांतील मार्लबरो गांवीं १७९५ सालीं जन्मलेली ही अविवाहित स्त्री १८२७ च्या अखेरीस प्रथम मुंबईस उतरली होती व तेथील मुलींच्या शाळांची देखरेख तिनें केली होती.

नगरचें काम सोपें नव्हतें. लिहूं लागलेल्या स्त्रीस वैधव्य येतें, ही समजूत त्या काळीं घरोघर रुजलेली होती. शिवाय मिशनचा हेतु धर्मप्रसाराचा होता. तेव्हां आईबापांच्या मनांतील शंका अगदींच निराधार म्हणतां येत नाहीं. त्या शंकेच्या सावलींतच या शाळा चालल्या.

त्यांचें महत्त्व मात्र नगरच्या वेशीपुरतें राहिलें नाहीं. पुण्याचे जोतीराव फुले यांनीं फरारबाईंची शाळा पाहिली व तिचा आपल्या मनावर परिणाम झाल्याचें पुढें स्वतःच सांगितलें. १८४८ सालीं त्यांनीं भिड्यांच्या वाड्यांत मुलींची शाळा उघडली. त्यांनीं नगरहून धर्म घेतला नाहीं. घेतली ती शाळा. सावित्रीबाईंनींहि अध्यापनाचें शिक्षण फरारबाईंपाशीं घेतलें, असें चरित्रकार सांगतात.

या देवघेवीस एक सुंदर जोड आहे. 'ज्ञानोदय' हें पत्र १८४२ सालीं नगरांतच निघालें. त्याच पत्रांत १८५५ मध्यें जोतीरावांच्या शाळेंत शिकलेल्या मुक्ता साळवे या मांग समाजांतील मुलीचा, महारमांगांच्या दुःखाविषयींचा निबंध प्रसिद्ध झाला. जिला अक्षराजवळ फिरकूं द्यावयाचें नाहीं असा समाजाचा दंडक होता, तिनें त्याच अक्षरांनीं समाजास जाब विचारला.

फरारबाई १८६२ सालीं नगरांतच वारल्या. ज्या धर्मकार्यासाठीं त्या आल्या, त्याविषयीं मतभेद राहतीलच. परंतु शाळेचा उंबरठा एकदां ओलांडलेल्या मुली पुन्हां मागें वळल्या नाहींत. २०२४ सालीं या जिल्ह्यास अहिल्यानगर हें नांव मिळालें. जिल्ह्यांतील चौंडी गांवीं जन्मलेल्या अहिल्याबाई होळकरांना वडिलांनीं घरींच लिहावयास वाचावयास शिकविलें, अशी परंपरा आहे. एका घरीं जें एका लेकीस लाभलें, तें सर्वांच्या लेकींस लाभावें म्हणूनच तर शाळा हवी होती.