शालेय शोधप्रकल्प

शालेय शोधप्रकल्प : विद्यार्थ्याने एखाद्या प्रश्नाचे उत्तर निरीक्षण, मोजमाप, मुलाखत किंवा वाचन यांच्या आधारे शोधून ते ठरावीक मांडणीत लेखी सादर करणे. या नोंदीत इयत्ता सहावी ते आठवी या उच्च प्राथमिक वर्गांतील प्रकल्पांचा, त्यातही विज्ञान व पर्यावरण या विषयांचा, प्रामुख्याने विचार केला आहे. या वयात मुलाला सरासरी, टक्केवारी, आलेख यांची ओळख होत असते आणि सलग चार परिच्छेद लिहिण्याइतकी भाषा हाताशी आलेली असते. त्यामुळे शोधलेखनाचे शिक्षण येथून सुरू करणे योग्य मानले जाते.

पूर्वपीठिका : प्रकल्पपद्धतीची शैक्षणिक मांडणी अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ विल्यम किलपॅट्रिक यांनी १९१८ मध्ये केली. भारतात १९३७ च्या वर्धा येथील शिक्षण परिषदेनंतर पुढे आलेल्या नई तालीम या शिक्षणपद्धतीत हाताचे काम आणि ज्ञान यांची सांगड होती; तथापि लेखी शोध-अहवाल हा तिचा मुख्य भाग नव्हता.

सहावी ते आठवीच्या वयोगटासाठी झालेला मोठा भारतीय प्रयोग म्हणजे होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम. किशोर भारती आणि रसूलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी तो १९७२ मध्ये मध्य प्रदेशातील १६ शाळांत सुरू केला. १९७८ मध्ये तो होशंगाबाद जिल्ह्यातील सर्व उच्च प्राथमिक शाळांत पोहोचला आणि पुढे एकलव्य या संस्थेने त्याची धुरा घेतली. कार्यक्रमाच्या ‘बाल वैज्ञानिक’ या पाठ्यपुस्तकांत तयार उत्तरे नसत. मुलांनी प्रयोग करावा, वर्गात चर्चा करावी आणि निष्कर्ष स्वतःच्या शब्दांत वहीत उतरवावा, अशी त्यांची रचना होती. परीक्षेत पुस्तक व वही उघडी ठेवण्याची मुभा होती. २००२ मध्ये शासनाने कार्यक्रम बंद केला. त्या निर्णयाच्या कारणांबाबत मतभेद आहेत.

बालविज्ञान परिषद : शोध-अहवाल लिहिण्याची सवय देशभरातील शाळांत पोहोचवण्याचे श्रेय राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेकडे जाते. ग्वाल्हेर येथील विज्ञान केंद्राच्या उपक्रमातून ही कल्पना पुढे आली आणि केंद्र शासनाच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या पाठबळाने १९९३ पासून ती राष्ट्रीय पातळीवर राबवली गेली. १० ते १७ वर्षे वयाच्या मुलांचे लहान व मोठा असे दोन गट असतात. मुले छोटा संघ करून, मार्गदर्शक शिक्षकाच्या मदतीने, आपल्या परिसरातील प्रश्नावर काम करतात. सादरीकरण जिल्हा, राज्य व राष्ट्रीय अशा टप्प्यांनी होते. मुख्य विषय साधारणपणे दोन वर्षांसाठी ठरतो : भूसंपदा (२०१०–११), ऊर्जा (२०१२–१३), हवामान (२०१४–१५). अहवाल घटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषांत लिहिता येतो, त्यामुळे मराठी माध्यमाच्या ग्रामीण शाळांनाही यात भाग घेता आला. महाराष्ट्रातील समन्वयाचे काम ठाण्याच्या जिज्ञासा ट्रस्टने केले आहे.

परिषदेच्या नियमांत अहवालासोबत नोंदवही मागितली जाते. अध्यापनाच्या दृष्टीने ही अट सर्वांत मोलाची आहे. रोजची तारीख, वेळ, आकडा, खाडाखोड आणि फसलेला प्रयत्न यांवरून काम मुलाने केले की घरातल्या मोठ्यांनी, हे परीक्षकाला लगेच उमगते.

होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा : बृहन्मुंबई विज्ञान अध्यापक मंडळातर्फे १९८१ पासून घेतली जाणारी ही स्पर्धा सहावी व नववीच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. लेखी व प्रात्यक्षिक परीक्षेतून पुढे आलेल्यांना कृतिसंशोधन प्रकल्प करावा लागतो व मुलाखत द्यावी लागते.

प्रकल्प व मूल्यमापन : महाराष्ट्रात २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने पहिली ते आठवीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन लागू झाले. त्यातील आकारिक, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या, मूल्यमापनाच्या साधनांत निरीक्षण, तोंडीकाम, प्रात्यक्षिक, स्वाध्याय यांच्याबरोबर प्रकल्पाचाही समावेश झाला. प्रकल्प सर्वांसाठी झाला, परंतु बऱ्याच ठिकाणी तो रंगीत मुखपृष्ठ, कात्रणे आणि स्टेशनरीच्या दुकानातील तयार चित्रे यांपुरता उरला.

अध्यापनाचे टप्पे : (१) प्रश्ननिवड. ‘पाणी प्रदूषण’ हा विषय झाला, प्रश्न नव्हे. ‘आमच्या शाळेतील गळक्या नळातून किती पाणी वाया जाते?’ हा प्रश्न आहे, कारण मुलाला तो मोजपात्र आणि घड्याळ घेऊन सोडवता येतो. उतरवून काढण्याची सवय बहुधा येथेच लागते. विषय आवाक्याबाहेरचा असला की मुलापुढे दुसऱ्याचे लिखाण उतरवण्यावाचून मार्ग राहत नाही. म्हणून शिक्षकाचा निम्मा वेळ प्रश्न लहान करण्यात जावा.

(२) अंदाज. मोजण्यापूर्वी मुलाने आपला अंदाज कारणासह लिहून ठेवावा. तो पुढे चुकला तरी पुसू नये.

(३) नोंदी व मोजमाप. एकच मोजमाप पुरेसे मानू नये. वरील उदाहरणात नळाखाली दहा-दहा मिनिटे भांडे ठेवून ४८, ५२ व ५० मिलिलिटर पाणी जमले, असे समजू. सरासरी ५०, म्हणजे तासाला ३०० मिलिलिटर आणि २४ तासांचे ७.२ लिटर. सातवीचा विद्यार्थी येथे थांबतो आणि निष्कर्ष लिहितो. शिक्षकाने विचारायला हवे : हा नळ टाकीचा की थेट जोडणीचा? थेट जोडणीला पाणी रोज दोनच तास येत असेल, तर वाया जाणारे पाणी ६०० मिलिलिटर होते, म्हणजे आधीच्या आकड्याच्या बाराव्या भागाइतके. टाकीचा नळ असेल, तर टाकीतील पातळीबरोबर धार बदलते, म्हणून सकाळी व संध्याकाळी वेगळे मोजावे लागते. गुणाकार दोन्ही वेळा बरोबरच असतो. चूक नळाविषयीच्या समजुतीत असते. ही चर्चा अहवालाच्या ‘मर्यादा’ या भागात जशीच्या तशी यावी.

(४) लेखन. प्रस्तावना, उद्देश, पद्धती, निरीक्षणे, निष्कर्ष, मर्यादा, उपाय हा क्रम रूढ आहे; लिहिताना मात्र निरीक्षणांपासून सुरुवात करावी. प्रस्तावना आधी लिहायला बसलेला विद्यार्थी ‘पाणी हेच जीवन आहे’ या छापाच्या वाक्यांनी पान भरतो. तक्ता समोर ठेवून ‘सकाळी धार जास्त होती’ हे वाक्य लिहिणाऱ्याला पुढचे वाक्य आपोआप सुचते : जास्त का होती? पद्धती अशी लिहावी की शेजारच्या वर्गातील मुलाला ती वाचून तोच प्रयोग करता यावा. वर्गातच तसे करून पाहणे ही तिची उत्तम कसोटी होय. दुसरा खर्डा सक्तीचा असावा. पहिल्या खर्ड्यावर शुद्धलेखनाच्या लाल खुणा न करता समासात प्रश्न लिहावेत : ‘हे तुला कसे कळले?’, ‘कोणी सांगितले?’, ‘किती?’. लेखनातून विचार घडतो तो याच टप्प्यावर, आणि वेळेअभावी हाच टप्पा प्रथम गाळला जातो.

(५) संदर्भ. ‘गुगल’ हा संदर्भ नव्हे. लेखक किंवा संस्था, शीर्षक आणि पाहिल्याची तारीख द्यावी. गावातील आजीबाई, प्लंबर, ग्रामसेवक यांनी दिलेली माहितीही त्यांच्या उल्लेखासह नोंदवावी. वाचलेला परिच्छेद बाजूला ठेवून आठवेल ते आपल्या शब्दांत लिहिणे, मग मूळ मजकुराशी ताडून पाहणे, हा सराव सहावीपासून देता येतो.

इतर देश : अमेरिकेत १९९० मध्ये आयझेनबर्ग व बर्कोविट्झ यांनी माहितीशोधाची सहा पायऱ्यांची पद्धत मांडली. केन मॅक्रोरी यांनी १९८० मध्ये सुचवलेल्या प्रकारात विद्यार्थी शोधाची वाटचालही निबंधातच सांगतो. २०१० च्या ‘कॉमन कोअर’ मानकांत सहावी ते आठवीसाठी छोट्या संशोधन-प्रकल्पांचा समावेश आहे.

वादाचे मुद्दे : पालकांची व शिक्षकांची मदत कोठवर असावी, याविषयी एकवाक्यता नाही. स्पर्धेमुळे प्रकल्पांना चालना मिळते, असे काहींचे म्हणणे. निवडक हुशार मुलांपुरतेच काम मर्यादित राहते, असा दुसरा पक्ष आहे. संगणकाने लिहून दिलेल्या अहवालांमुळे मदतीचा प्रश्न तीव्र झाला आहे. हाताने लिहिलेली नोंदवही आणि प्रकल्पावरील तोंडी प्रश्न ही त्यावरची उपलब्ध साधने आहेत, आणि दोन्हींना खर्च येत नाही.

भाषा व सामाजिक शास्त्रे : या विषयांत गावाचा इतिहास, आठवडी बाजार, बोलीतील शब्द, स्थलनामे यांवर प्रकल्प होतात.

महत्त्व : आपण मोजले ते आणि इतरांकडून ऐकले ते यांत फरक करणे, आकड्याची मर्यादा स्वतःहून सांगणे आणि चुकलेला अंदाज न लपवणे, या तीन गोष्टी शालेय शोधप्रकल्पातून शिकता येतात. त्या साधल्या असतील तर चार पानांचा, अशुद्ध अक्षरांचा अहवालही यशस्वी मानावा.