जपानी गृहिणी : संसार, नोकरी आणि येनची भिंत

पूर्णवेळ घर सांभाळणाऱ्या विवाहित स्त्रीला जपानी भाषेत ‘सेंग्यो शुफु’ म्हणतात. गृहिणीपण हाच जिचा व्यवसाय, ती सेंग्यो शुफु. ही प्रथा फार प्राचीन असावी, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात शेतावर आणि छोट्या दुकानांत जपानी स्त्रिया पूर्वापार पुरुषांच्या बरोबरीने राबत आल्या. मेइजी काळात ‘सुशील पत्नी, सुज्ञ माता’ हा आदर्श शाळांतून शिकवला जाऊ लागला. मध्यमवर्गाच्या घराघरांत तो रुजला मात्र दुसऱ्या महायुद्धानंतरच्या भरभराटीत. पतीने कंपनीत रात्री उशिरापर्यंत काम करावे, पगार पत्नीच्या हाती द्यावा आणि तिच्याकडून ‘ओकोझुकाई’, म्हणजे हातखर्च, घ्यावा अशी रीत अनेक घरांत रूढ झाली.

या व्यवस्थेविषयीचा वादही तितकाच जुना आहे. १९५५ मध्ये लेखिका अयाको इशिगाकी यांनी ‘फुजिन कोरोन’ मासिकातून गृहिणीपदावर बोट ठेवले आणि ‘गृहिणी-वाद’ या नावाने ओळखली जाणारी दीर्घ चर्चा सुरू झाली. लग्न होताच स्त्रीने नोकरी सोडावी, असा नियम त्या काळी अनेक कंपन्यांत होता. १९६६ मध्ये टोकियो जिल्हा न्यायालयाने असा नियम अवैध ठरवला.

तरीही निवड खऱ्या अर्थाने मोकळी झाली नाही. नोकरीत समान संधी देणारा कायदा १९८५ मध्ये संमत होऊन एप्रिल १९८६ मध्ये अमलात आला. नेमक्या त्याच महिन्यात निवृत्तिवेतनाची नवी व्यवस्थाही सुरू झाली. पगारदाराच्या अवलंबित पत्नीला स्वतः हप्ता न भरता मूलभूत निवृत्तिवेतनाचा हक्क तिने दिला. एका कायद्याने स्त्रीला कार्यालयाचे दार उघडले, तर दुसऱ्याने घरी राहण्याचे बक्षीस दिले.

पत्नीच्या अल्प उत्पन्नावर पतीला मिळणारी करसवलत तर १९६१ पासूनच होती. त्यातून ‘भिंत’ हा शब्द रूढ झाला. वार्षिक उत्पन्न १० लाख ३० हजार येनच्या वर गेले की करसवलतीचा, आणि १३ लाख येनवर पोहोचले की सामाजिक विम्याचा प्रश्न उभा राही. साहजिकच अर्धवेळ काम करणाऱ्या असंख्य स्त्रिया वर्षअखेरीस मुद्दाम कामाचे तास कमी करीत. तास कमी, म्हणून अनुभव कमी. अनुभव कमी, म्हणून वेतनवाढ नाही, असे हे दुष्टचक्र आहे. त्याची खरी किंमत कळते ती घटस्फोट किंवा वैधव्य वाट्याला आल्यावर. घटस्फोटानंतर पतीच्या निवृत्तिवेतनाच्या नोंदीत वाटा मागण्याची तरतूदही २००७ पासूनच झाली.

दरम्यान समाज पुढे गेला. १९८० मध्ये पूर्णवेळ गृहिणी असलेली कुटुंबे सुमारे १ कोटी ११ लाख होती, तर पती-पत्नी दोघेही नोकरी करणारी सुमारे ६१ लाख. १९९७ पासून हे पारडे कायमचे फिरले. आज दुसऱ्या प्रकारच्या कुटुंबांची संख्या पहिल्याच्या दुपटीहून अधिक आहे. भिंतीही हलू लागल्या आहेत. २०२५ मध्ये करसवलतीची १० लाख ३० हजारांची मर्यादा १२ लाख ३० हजार येन झाली. त्याच वर्षीच्या निवृत्तिवेतन सुधारणेने अर्धवेळ कामगारांना टप्प्याटप्प्याने विम्याच्या कक्षेत आणण्याचे ठरवले.

घराच्या आतली भिंत मात्र अधिक चिवट आहे. २०२१ च्या सरकारी पाहणीनुसार सहा वर्षांखालील मूल असलेल्या घरांत पत्नी घरकाम व बालसंगोपनात दिवसाला सरासरी ७ तास २८ मिनिटे घालवते. पती १ तास ५४ मिनिटे. गृहिणी व्हावे की नोकरी करावी, हा प्रश्न जपानी स्त्रीला आजही विचारला जातो. पतीने घरी किती वाजता परतावे, हा त्याचाच दुसरा अर्धा भाग आहे आणि त्याचे उत्तर कंपन्यांनी द्यावयाचे आहे.