रीड, थॉमस : प्रत्यक्षज्ञान आणि इच्छास्वातंत्र्य

रीड, थॉमस (२६ एप्रिल १७१०–७ ऑक्टोबर १७९६). स्कॉटिश तत्त्वज्ञ आणि व्यवहारबुद्धिवादी संप्रदायाचा प्रवर्तक. समोरची वस्तू आपल्याला थेट दिसते की तिची मनात उमटलेली प्रतिमाच तेवढी दिसते, हा एक प्रश्न. माणूस आपल्या कृत्यांचा खरोखर कर्ता असतो की हेतू त्याला ओढून नेतात, हा दुसरा. पाठ्यपुस्तकांत हे प्रश्न वेगवेगळ्या प्रकरणांत येतात. रीडच्या विचारात त्यांचे मूळ एकच आहे. वस्तू आणि मन यांच्यामध्ये, तसेच कर्ता आणि कृत्य यांच्यामध्ये तत्त्वज्ञांनी एकेक दलाल आणून बसवला आहे, तो जड पदार्थांच्या जगातून उसना आणलेला आहे आणि त्याला उठवले की बरीचशी कोडी सुटतात, असे त्याचे म्हणणे. पहिल्या बाबतीत तो पुष्कळ यशस्वी झाला, दुसऱ्या बाबतीत अर्धामुर्धाच.

अ‍ॅबर्डीनच्या नैर्ऋत्येस स्ट्रॅकन या खेड्यात एका धर्मोपदेशकाच्या घरी त्याचा जन्म झाला. आजोळ ग्रेगरी घराण्याचे, म्हणजे गणितज्ञांचे. परावर्ती दुर्बिणीचा आराखडा मांडणारा जेम्स ग्रेगरी हा त्याच्या आईचा काका. मामा डेव्हिड ग्रेगरी ऑक्सफर्डला खगोलशास्त्राचा प्राध्यापक होता. अ‍ॅबर्डीनच्या मारिशल कॉलेजात शिक्षण आणि काही वर्षे ग्रंथपालाची नोकरी झाल्यावर १७३७ मध्ये न्यू माखर येथे तो धर्मोपदेशक झाला. १७५१ पासून त्याने अ‍ॅबर्डीनच्याच किंग्ज कॉलेजात अध्यापन केले. १७६४ मध्ये त्याचा ‘अ‍ॅन इन्क्वायरी इंटू द ह्यूमन माइंड’ हा ग्रंथ निघाला आणि त्याच वर्षी ग्लासगो विद्यापीठात अ‍ॅडम स्मिथने सोडलेल्या नीतिशास्त्राच्या अध्यासनावर त्याची नेमणूक झाली. उरलेले दोन मोठे ग्रंथ त्याने उतारवयात प्रसिद्ध केले : बौद्धिक शक्तींवरील निबंध १७८५ मध्ये आणि कर्तृत्वशक्तींवरील १७८८ मध्ये. त्याच्या नऊ अपत्यांपैकी एकच मुलगी त्याच्यामागे राहिली.

रीडचा रोख ज्या सिद्धांतावर होता त्याला तो ‘कल्पनांचा सिद्धांत’ म्हणतो. देकार्तपासून लॉकपर्यंत सर्वांनी तो गृहीत धरला होता. मनाला साक्षात भेटते ती कल्पना. बाहेरची वस्तू म्हणजे त्या कल्पनेवरून केलेला अंदाज. बर्कलेने १७१० मध्ये, म्हणजे रीड जन्मला त्याच वर्षी, त्यातून निष्कर्ष काढला की जड वस्तू मानण्याचे कारणच उरत नाही. ह्यूमने १७३९–४० मध्ये मनालाही तोच न्याय लावला. तरुणपणी रीड स्वतः बर्कलेच्या मताचा होता. ह्यूमचे पुस्तक वाचून तो चपापला, पण तर्कात कुठे चूक आहे हे शोधत बसला नाही. तर्क बिनचूक आहे आणि निष्कर्ष न पटणारा आहे, तर आधारविधानच तपासले पाहिजे, असे त्याने ठरवले. कल्पना नावाची वस्तू मनात असते याला पुरावा काय? आरशात प्रतिबिंब पडते आणि मेणावर ठसा उठतो, म्हणून मनातही तसेच काहीतरी असावे, या सादृश्यापलीकडे त्याला काही सापडले नाही.

ह्यूमने १७४८ मध्ये दिलेल्या टेबलाच्या युक्तिवादाला रीडने दिलेले उत्तर आजही वर्गात शिकवले जाते. आपण मागे सरकलो की टेबल लहान दिसू लागते. खरे टेबल तर लहान होत नाही. म्हणून आपल्याला दिसत होती ती टेबलाची प्रतिमा, असे ह्यूम म्हणतो. रीड इथे दोन मापे वेगळी काढतो. खरे आकारमान लांबीत मोजतात, दृश्य आकारमान डोळ्याशी होणाऱ्या कोनात. एक मीटर रुंदीचे टेबल दोन मीटरवरून समोरासमोर पाहिले तर डोळ्याशी सुमारे २८ अंशांचा कोन करते, चार मीटरवरून सुमारे १४ अंशांचा. टेबल खरे असेल आणि तेच आपण पाहत असू, तर भूमितीनुसार ते इतकेच लहान दिसायला हवे, आणि तसेच ते दिसते. ह्यूमने विरोधात म्हणून आणलेला साक्षीदार रीडच्या बाजूने बोलून जातो. तत्त्वज्ञानात इतके नेटके खंडन क्वचित वाचायला मिळते.

यापुढचा भाग अधिक कठीण आहे. टेबलावर हात दाबला की बोटांना काहीतरी जाणवते. हे वेदन. त्याच क्षणी टेबल कठीण आहे हेही आपल्याला कळते. हे प्रत्यक्षज्ञान. काठिण्य म्हणजे पदार्थाचे भाग एकमेकांना घट्ट धरून असणे. बोटांतल्या वेदनाशी त्याचे कसलेच साम्य नाही. वेदन हे काठिण्याचे चित्र नसून खूण आहे आणि ती वाचण्याची सोय निसर्गाने मनात केलेली आहे. खुणेकडे आपले लक्षही जात नाही, मन सरळ वस्तूकडे जाते. प्रत्यक्षज्ञानात वस्तूचा बोध आणि ती आहे अशी न टाळता येणारी खात्री, दोन्ही एकदम आणि अनुमानावाचून येतात, ही रीडची व्याख्या. दलालाला हाकलून रीडने वेदन नावाचा दुसरा दलाल मागच्या दाराने आत घेतला, असा आक्षेप यावर नेहमी येतो. तो पूर्ण खरा नाही. खूण असणे वेगळे आणि तीच ज्ञानाचा विषय असणे वेगळे. पण वेदनाची नेमकी गरज काय, हे रीडला शेवटपर्यंत नीट सांगता आले नाही. दृश्य आकृतीच्या बाबतीत तर वेगळे वेदन मुळी नसतेच, असे तोच एके ठिकाणी म्हणतो.

सरावाने कमावलेल्या प्रत्यक्षज्ञानावर त्याने लिहिलेली पाने त्याच्या निरीक्षणाची साक्ष देतात. मेंढपाळ कळपातले प्रत्येक मेंढरू ओळखतो, खाटीक जिवंत जनावर पाहूनच वजन सांगतो, शेतकऱ्याला धान्याची रास बघताच ती किती भरेल हे कळते, खलाशी दूरवरच्या जहाजाची बांधणी आणि अंतर ओळखतो. शास्त्रज्ञाची प्रयोगशाळा आणि शेतकऱ्याचे खळे यांत रीड उच्चनीच मानत नाही. भ्रमाबद्दलही त्याची भूमिका अशीच रोखठोक आहे. बनावट मोहर खरी समजून घेतली, तर इंद्रियांनी फसवले म्हणण्यात अर्थ नाही; रंग आणि आकार त्यांनी बरोबरच दाखवला होता, घाईने निवाडा केला तो आपण. अर्थात समोर मुळीच काही नसताना दिसणाऱ्या आभासांना हे उत्तर पुरत नाही. सूर्याचा प्रकाश पोचायला आठ मिनिटांहून थोडा अधिक वेळ लागतो, तेव्हा आपण पाहतो तो आत्ताचा सूर्य कसा, या प्रश्नालाही नाही.

‘इन्क्वायरी’त ‘दृश्यांची भूमिती’ नावाचा एक विलक्षण भाग आहे. एकट्या डोळ्याला दिशा कळते, अंतर कळत नाही. म्हणून दृश्य रेषा जणू डोळा केंद्रस्थानी असलेल्या गोलावर आखलेल्या असतात. अशा पटावर कोणत्याही दोन सरळ रेषा वाढवल्या की एकमेकींना छेदतात आणि त्रिकोणाच्या कोनांची बेरीज दोन काटकोनांहून जास्त भरते. यूक्लिडेतर भूमितीवरचा लोबाचेव्हस्कीचा लेख १८२९ चा, रीमानचे व्याख्यान १८५४ चे. रीडने पर्यायी अवकाश शोधला असे म्हणणे अतिशयोक्ती होईल. पण यूक्लिडची भूमिती दृश्य अनुभवाला जशीच्या तशी लागू पडत नाही, हे त्याने त्यांच्या कितीतरी आधी स्वच्छ लिहून ठेवले. स्पर्श नाही, नुसतीच दृष्टी आहे अशा प्राण्यांचा देशही त्याने कल्पिला आणि त्यांच्या पंडितांची थट्टा केली.

या ग्रंथाच्या हस्तलिखिताचा काही भाग ह्यू ब्लेअर याच्यामार्फत ह्यूमकडे गेला. ह्यूमने तो वाचून सौजन्याने पत्र लिहिले. १७६३ मधल्या उत्तरात रीडने कळवले की ह्यूमने लिहिणे थांबवले तर अ‍ॅबर्डीनच्या तत्त्वचर्चा मंडळाला विषयच उरणार नाहीत. हे मंडळ १७५८ मध्ये सुरू झाले होते. प्रतिपक्षाशी इतक्या सभ्यपणे वागणारे त्या काळी थोडेच होते. पुढे १७८३ मध्ये कांटने रीडला त्याच्या अनुयायांच्या पंगतीत बसवून, ही मंडळी लोकमताच्या आड लपतात, अशी टर उडवली. ती त्या अनुयायांपैकी जेम्स बीटीला शोभून दिसते. रीडवर अन्याय करते.

प्रत्यक्षज्ञानाच्या विचारामागे मनाच्या उपजत शक्तींवरचा विश्वास आहे; इच्छास्वातंत्र्याकडे जाणारी वाटही त्यातूनच निघते. लॉर्ड केम्झ हा न्यायाधीश रीडचा स्नेही. १७५१ च्या निबंधांत त्याने लिहिले होते की सर्व कृत्ये अटळ असतात आणि आपण स्वतंत्र आहोत ही भावना ईश्वराने सोयीसाठी मनात घातलेला भ्रम आहे. चर्चमध्ये त्यावर वादळ उठले. रीडची हरकत धर्माची नव्हती. एक शक्ती जन्मतःच खोटे सांगते असे मानले, तर बाकीच्यांवर विश्वास कोणत्या आधारावर ठेवायचा? संशयवादी इंद्रियांवर अविश्वास दाखवून बुद्धीवर विसंबतो तेव्हाही रीड हेच विचारतो : दोन्ही एकाच कारखान्यातला माल असताना एक खोटा आणि दुसरा खरा कसा?

नियतिवाद्यांचे आवडते चित्र तराजूचे. हेतू म्हणजे वजने. जड पारडे खाली जाते. रीडच्या मते हेतू ही करणारी वस्तूच नव्हे. हेतू सल्ल्यासारखा असतो. सल्ला कितीही वजनदार असला तरी तो ऐकून वागतो माणूस. सर्वांत प्रबळ हेतूच नेहमी जिंकतो या विधानालाही त्याने असेच उघडे पाडले. प्रबळ कोणता हे जिंकण्यावरूनच ठरवायचे असेल, तर ‘जो जिंकला तो जिंकला’ एवढेच सांगितले. प्राबल्याचे स्वतंत्र माप आणले, तर हेतू एका मापात बसत नाहीत असे दिसते : भूक किंवा राग किती जोराने खेचतो ते धडपडीवरून कळते, पण कर्तव्याचे वजन विवेकाने ठरते, आणि पुष्कळदा माणूस जोराच्या ओढीविरुद्ध वागतो. नियतिवादी जोसेफ प्रीस्टलीशी झालेल्या वादात या मुद्द्याला समाधानकारक उत्तर मिळाले नाही, असे म्हणावे लागते.

रीडच्या लेखी खऱ्या अर्थाने कारण म्हणजे एखादी गोष्ट करण्याची आणि न करण्याचीही शक्ती असलेला कर्ता. गुरुत्वाकर्षणाचा नियम हे कारण नव्हे. ज्या रीतीने घडते ती रीत तो सांगतो, घडवतो कोण ते सांगत नाही. स्वातंत्र्य म्हणजे आपल्या संकल्पावर कर्त्याची सत्ता. पुरावे तो तीन देतो : ही सत्ता आपल्यात आहे ही उपजत खात्री, जबाबदारी आणि दोष यांची आपली रोजची भाषा, आणि लांब पल्ल्याची योजना आखून ती तडीस नेण्याची माणसाची क्षमता. तिसरा पुरावा कमी उद्धृत होतो, पण तोच सर्वांत ताजा वाटतो.

इमारतीची भेग इथेच आहे. प्रत्येक घटनेला कारण असते हे रीड स्वयंसिद्ध मानतो. मग संकल्प घडवण्यासाठी कर्त्याने शक्ती वापरली, तो वापर ही एक घटनाच. तिलाही कारण हवे. कर्ताच ते असेल तर त्यासाठी शक्तीचा आणखी एक वापर, आणि असे अनंत मागे जात राहावे लागते. अमेरिकन तत्त्वज्ञ विल्यम रो याने १९९१ च्या ग्रंथात ही अडचण बारकाईने उलगडली. कर्त्याचा शक्तिप्रयोग ही कारण लागणारी घटनाच नव्हे असे म्हणून काही भाष्यकार सुटका करतात, पण त्यासाठी रीडचे स्वयंसिद्ध तत्त्व ढिले करावे लागते.

रीडचा प्रभाव स्कॉटलंडबाहेर लांबवर गेला. पॅरिसमध्ये रॉयर-कोलार याने १८११ पासून त्याच्यावर व्याख्याने दिली. अमेरिकेत चार्ल्स पर्सने त्याच्या भूमिकेला चिकित्सक वळण दिले, आणि १९६४ मध्ये रॉडरिक चिझमने कर्ता-कारणतेचा विचार पुन्हा चर्चेत आणला. मुंबईशी त्याच्या परंपरेचा एक धागा जुळतो. किंग्ज कॉलेजात शिकलेला, पण रीड तिथून गेल्यानंतरचा विद्यार्थी असलेला सर जेम्स मॅकिंटॉश मुंबईत रेकॉर्डर म्हणून आला आणि १८०४ मध्ये त्याने तिथे लिटररी सोसायटी स्थापन केली. पुढे तिचीच एशियाटिक सोसायटी झाली. नैयायिकांनी सौत्रांतिक बौद्धांच्या ‘बाह्य वस्तू अनुमानाने कळते’ या मताला दिलेली उत्तरे वाचताना रीडची आठवण होते, पण त्याला न्यायदर्शनाची गंधवार्ता नव्हती.

१७९२ मध्ये, वयाच्या ८१ व्या वर्षी, रीडने शक्ती या संकल्पनेवर एक छोटा निबंध लिहिला. शक्तीची कल्पना डोळ्यांनी पाहून येत नाही, आपण ठरवून केलेल्या प्रयत्नांतून ती येते, असे त्यात त्याने मांडले आहे. हा निबंध २००१ मध्ये प्रथम छापला गेला.