बुडबुड्यांचा आंगरखा

आमच्या जामसंड्यात पाऊस लागला की आधी चपलांवर बुरशी धरते, मग पेटीतल्या कपड्यांवर. मालवण-तारकर्लीला डायव्हिंगवर पोट असलेल्या पोरांना आता वेटसूटचीही काळजी. समुद्र खवळलेला, सूट तीन-चार महिने घरात पडून.

या सुटाचा इतिहास मजेशीर आहे. निओप्रीन हे कृत्रिम रबर अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीत १९३० साली तयार झालं. १९५१ च्या सुमारास बर्कलीचे भौतिकशास्त्रज्ञ ह्यू ब्रॅडनर यांच्या लक्षात आलं, की पाणबुड्याला कोरडं ठेवायची गरजच नाही. ऊब राखतात ते फेसाळ रबरातले वायूचे बुडबुडे. आपलं पाणी कोमट खरं, पण दिवसभर त्यात उतरणाऱ्याच्या अंगातली ऊब जातेच.

म्हणजे जपायचे ते बुडबुडे! घडी घालून ट्रंकेखाली दाबला की ते चेपतात, आणि त्या रेघेवर सूट निकामी. म्हणून गोड्या पाण्यात धुवायचा, उलटा करून सावलीत वाळवायचा, रुंद हँगरवर वारा लागेल असा टांगायचा. ऊन नको, पेट्रोलच्या कॅनची सोबत नको.

किनाऱ्याला हे नवं नाही. नायलॉन येण्याआधी सुती जाळी कुजू नयेत म्हणून झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवून वाळवत. नायलॉन आलं, ती मेहनत गेली, आणि मला वाटतं, जपायची सवयही थोडी गेली. नवा सूट स्वस्त नसतो. आजोबा जाळ्याला देत तेवढा वेळ नातवाने सुटाला दिला, तर पुढच्या हंगामाची पहिली कमाई घरात राहील.